टरफलं

कंबर अजून ठणकतेय, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलातल्या लाँग बारमध्ये गेलो होतो. हॉटेल 1887 सालचं. इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम इथे मुक्काम ठोकायचा. किपलिंग ('जंगल बुक'वाला; जन्म जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला, म्हणजे तसा मुंबईकरच) लिहून गेला की जेवा रॅफल्समध्ये, झोपा दुसरीकडे. मला दोन्ही परवडणारं नव्हतं. रांग लावून एक सिंगापूर स्लिंग प्यायचं आणि साहित्यिक चेहरा करून बसायचं, एवढाच बेत. हे पेय 1915 च्या सुमारास इथेच जन्मलं म्हणतात. रंगाने थेट लग्नातलं गुलाबी सरबत.

टेबलावर भुईमुगाच्या शेंगांची गोणपाटाची पिशवी असते. खा आणि टरफलं खुशाल जमिनीवर टाका, ही तिथली रीत. ज्या देशात 1992 पासून च्युइंगम विकायला बंदी, तिथे! मी तर सुटलोच. पायाखाली करकर वाजायला लागली, आणि आता काहीतरी सुचणार, एवढ्यात:

"सुशिक्षित दिसता!"

शेजारच्या टेबलावर काका. पुणे, निवृत्त मुख्याध्यापक. दोन्ही माहिती न विचारता मिळाली. पुढ्यात साधं पाणी.

"काका, इथे पद्धत आहे तशी."

"पद्धत सतीचीही होती."

यावर काय बोलणार? मी छताकडे बघितलं. तिथे ताडाच्या पानांसारखे पंखे एका लयीत हलत होते, नकारार्थी.

"टिळकांची गोष्ट ठाऊक आहे ना?" काकांनी माझ्याच पिशवीतून मूठभर शेंगा घेतल्या. "शेंगा खाल्ल्या नाहीत, म्हणून टरफलं उचलणार नाही म्हणाले. तुम्ही तर खाल्ल्यात!"

खात तेही होते. पण त्यांची टरफलं खिशातून काढलेल्या, घडी घातलेल्या कॅरीबॅगमध्ये जात होती. लोक विमानाने पाच-सहा तास लांब येऊनसुद्धा शाळा सोडत नाहीत, आणि आमच्या पिढीची शाळा काही सुटत नाही. पैसे मी मोजलेले, रांगेत मी तिष्ठलेला, आणि तरी "उचला" म्हटल्यावर चाळिशी उलटलेला मी टेबलाखाली!

वेटर धावत आला. काही हरवलं का, सर? मी नाही म्हणेपर्यंत तोही मोबाइलचा टॉर्च लावून शेजारी ओणवा झाला.

वरून आवाज आला, "त्याला विचारा, खारवलेल्या आहेत का."