चाळीस केबीच्या मारिओला एवढा मोठा पाइप कशाला?

माझा एक मित्र सहा महिने एकाच गोष्टीनं झपाटलाय. जुन्या टीव्ही गेमचं स्ट्रीमिंग. गेम चालणार मुंबईतल्या सर्व्हरवर, आपल्या टीव्हीवर नुसतं चित्र येणार, आणि रिमोटचं बटण इंटरनेटवरनं तिकडं जाणार. "भावा, आपलं सगळं बालपण एका ॲपात. लै भारी चालंल." असं म्हणून मला कोडिंगला जुंपलं.

गेल्या रविवारी कोल्हापुरात, राजारामपुरीत माझ्या घरी चाचणी. पहिलं गिऱ्हाईक माझा भाचा, वय नऊ. मारिओ पळत सुटला, पहिला खड्डा आला, पोरानं बटण दाबलं आणि मारिओ थेट आत. तीनदा. तिन्ही जीव गेल्यावर रिमोट माझ्या हातात देत म्हणाला, "मामा, ह्यो दाबल्यावर उडत न्हाई. इचार करून उडतोय."

मग मोजत बसलो. बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत शंभरेक मिलिसेकंद जादा जात होते. ऐकायला किरकोळ. पण हा गेम सेकंदाला ६० चित्रं काढतो, म्हणजे शंभर मिलिसेकंदांत सहा. जोरात पळणारा मारिओ दर चित्राला अडीच पिक्सेल सरकतो, सहा चित्रांत पंधरा. गेममधली एक वीट १६ पिक्सेलची. म्हणजे पोरगं कडेवर उडी मारतंय, तवर मारिओ जवळजवळ एक वीट पुढं. आणि खड्डा आहे दोनच विटांचा!

मित्राला वाटलं मुंबई लांब पडते. नाही. फायबरमधनं प्रकाश मिलिसेकंदाला दोनशे किलोमीटर जातो. कोल्हापूर-मुंबई जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंदांचा प्रवास. वेळ खातं ते चित्र दाबून लहान करणं, घरातलं वायफाय, चित्र परत उलगडणं, आणि आपला टीव्ही स्वतःच चित्राला जो मेकअप करत बसतो तो. टीव्हीचा गेम मोड लावल्यावर, म्हणजे हा मेकअप कमी केल्यावर, जरा फरक पडला. चित्रही बिघडतंच. व्हिडिओ दाबताना रंगाची माहिती निम्म्या बारकाव्यानं ठेवतात. सिनेमात कळत नाही, पण पिक्सेलच्या गेममध्ये मारिओची लाल टोपी कडेनं अशी पसरते, जसा मिसळीचा कट पावात शिरावा.

आता माझं खरं दुखणं. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० केबीचा आहे. आम्ही पाठवत होतो सेकंदाला ५ मेगाबिटचा व्हिडिओ, म्हणजे ६२५ केबी. एका सेकंदात पंधरा मारिओ! मोबाइलवर कुणी खेळलं तर दिवसाचा दीड जीबी चाळीस मिनिटांत साफ. अरे, ते ४० केबी एकदाच पाठवा की! ब्राउजरमध्ये एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, चालवा, उडी घरातल्या घरात. क्लाउडवर फक्त सेव्ह आणि स्कोअर ठेवा. पुढच्या काळातले डीव्हीडीवरचे चार-चार जीबीचे गेम असतील तर स्ट्रीमिंगला मी हात जोडतो, तिथं ते शोभतं.

अँटस्ट्रीम आर्केड २०१९ पासून जुने गेम रीतसर परवाने घेऊन स्ट्रीम करतंय, हे खरं. फाइल सर्व्हरबाहेर जात नाही म्हणून हक्कवाल्यांना धीर येतो, हेही मान्य. पण मग खरं काम परवान्यांचं आहे, सर्व्हरचं नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या जुने गेम जपणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये मोजलं तर अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, हक्क कुणाकडं ते कुणाला ठाऊक नाही. (आणि आपण तरी कुठं सोवळे? ती '९९९९ इन वन'ची कॅसेट कुणी परवाना काढून बनवली होती?)

हे सगळं मित्राला परवा मिसळ खाताना सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं, पाव मोडला आणि म्हणाला, "ते बरोबर हाय रे, पण मग ह्यात क्लाउड कुठं ऱ्हायला? पैसेवाल्याला काय सांगू?"

त्याचं त्यानं बघावं. मी ब्राउजरवालं करून ठेवलंय; रविवारी भाचा यायचाय.