गाठ ‘उपाशी मारण्या’चा मेसेज आणि त्यातले पाच दावे

यकृताच्या कॅन्सरबद्दलचा एक मेसेज रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये फिरतो आहे. त्याचं सार असं: ‘नव्या रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय गाठ वाढत नाही. त्या फुटवतो व्हीईजीएफ नावाचा घटक. रक्तात तो जास्त निघाला तर कॅन्सर पसरला समजा, कमी निघाला तर निर्धास्त राहा. त्याला रोखणारं औषध घेतलं की गाठ उपाशी मरते. ते सुरुवातीलाच घ्या, म्हणजे ऑपरेशन टळेल. औषध मिळत नसेल तर हिरव्या चहाच्या अर्काच्या आणि कर्क्युमिनच्या कॅप्सूल तेच काम करतात.’

पहिलं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं खपून जातं. नव्या वाहिन्यांशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही, हे अमेरिकी सर्जन जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. यकृतात तर हे डोळ्यांना दिसतं. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेन या शिरेतून येतं, धमनीतून जेमतेम पाव. यकृताच्या पेशींपासून उद्भवणारी गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. म्हणून शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये ती आधी झळकते आणि मग आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडते. हे रूप इतकं नेमकं असतं, की सिरोसिसच्या (यकृत कडक आणि निबर झालेल्या) रुग्णात अनेकदा बायोप्सी न करताच निदान होतं.

आता ‘आकडा जास्त म्हणजे पसरला’ हा दावा. यात एक धागा खरा आहे. सोराफेनिब या औषधाच्या मोठ्या चाचणीतल्या रक्तनमुन्यांचं विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. व्हीईजीएफ आणि वाहिन्यांवरच काम करणारा दुसरा घटक अँजिओपोएटिन-२ यांची पातळी ज्यांच्यात जास्त होती, त्यांचं आयुष्य सरासरीने कमी होतं. पण औषध कोणाला लागू पडेल, हे या दोन्हींपैकी एकानेही सांगितलं नाही. शिवाय हा कल शेकडो रुग्णांचा आहे. तुमच्या घरातल्या एका माणसाच्या आकड्यावरून ‘पसरला’ किंवा ‘नाही पसरला’ असं त्यातून निघत नाही.

त्या आकड्याला आणखीही कारणं असतात. जखम भरताना व्हीईजीएफ वाढतो, यकृताचा तुकडा काढल्यावर उरलेलं यकृत वाढतं तेव्हाही तो कामाला लागतो. प्लेटलेटमध्ये त्याचा साठा असतो आणि नमुना नळीत गोठताना तो बाहेर पडतो. त्यामुळे सीरममधला (गोठलेल्या रक्तातून निघालेल्या द्रवातला) आकडा प्लाझ्मातल्यापेक्षा (न गोठू दिलेल्या रक्ताच्या द्रवातल्यापेक्षा) मोठा येतो, आणि सिरोसिसमध्ये प्लेटलेट कमी असल्या तर हिशेब आणखी बिघडतो. ‘कमी म्हणजे निर्धास्त’ हे वाक्य तर मला सर्वांत घातक वाटतं, कारण त्यावर विसंबून एखादा माणूस स्कॅन पुढे ढकलेल. पुढचा अंदाज बांधताना डॉक्टर गाठींची संख्या आणि आकार, मोठ्या वाहिन्यांत झालेला शिरकाव, उरलेल्या यकृताची ताकद आणि रुग्णाचं रोजचं हिंडणं-फिरणं बघतात. रामुसिरुमॅब हे औषध व्हीईजीएफचाच रिसेप्टर (पेशीवरची त्याची चिकटण्याची जागा) अडवतं, तरी त्यासाठी रुग्ण निवडतात ते रक्तातला एएफपी, म्हणजे यकृताच्या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणारं एक प्रथिन, मिलिलिटरमागे ४०० नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर.

मग पसरण्याशी या घटकाचा संबंध काय? १९८३ मध्ये तो पहिल्यांदा सापडला, तेव्हा त्याचं नाव ‘वाहिन्या पाझरवणारा घटक’ अशा अर्थाचं होतं. वाहिन्या वाढवणारा घटक म्हणून १९८९ मध्ये जो ओळखला गेला तो हाच, हे नंतर कळलं. दोन्ही नावं खरी आहेत. त्याने घाईत उभ्या केलेल्या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, त्यांच्या भिंती सैल असतात, आणि तिथून पेशींना रक्तात शिरणं सोपं जातं. पोर्टल व्हेनच्या फांद्यांत शिरलेल्या पेशी यकृतातच दुसरीकडे रुजतात, यकृताबाहेर पडणाऱ्या शिरांतून गेलेल्या बहुधा फुप्फुसात पोहोचतात. काही गाठींत तर पेशींच्या अख्ख्या पुंजक्याला वाहिनीचं अस्तर पिशवीसारखं वेढून असतं आणि तो पुंजका तसाच रक्तात सुटतो. त्यामागे अँजिओपोएटिन-२ चा हात असतो. म्हणजे पसरण्याची वाटही एकट्या व्हीईजीएफच्या ताब्यात नाही.

‘गाठ उपाशी मरते’ या कल्पनेने आशा फार मोठी दाखवली. सोराफेनिब व्हीईजीएफच्या रिसेप्टरसह आणखी काही वाटा अडवतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ६०२ रुग्णांच्या चाचणीत मध्यांक आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेलं. जवळजवळ तीन महिने. ज्या रोगात तोवर कुठल्याच गोळीने आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नव्हतं, तिथे हे तीन महिने मोलाचे होते. पण गाठ मेली नाही. सुनिटिनिबही हेच रिसेप्टर अडवतं, आणि समोरासमोरच्या तुलनेत ते सोराफेनिबपेक्षा मागे पडलं.

कारण उपासमारीला गाठ उत्तर देते. ऑक्सिजन तुटला की पेशी आणखी व्हीईजीएफ सोडतात, इतर घटकांची मदत घेतात. धमनीतून औषध सोडून ती बंद करण्याचे उपचार केल्यावर रक्तातला व्हीईजीएफ वाढलेला दिसतो, तो यामुळेच. तरीही तो उपचार योग्य रुग्णात आयुष्य वाढवतो, म्हणून हे वाचून कोणी तो नाकारू नये. संशोधक राकेश जैन यांनी २००१ मध्ये वेगळाच विचार मांडला: या औषधांचा खरा उपयोग वाहिन्या तोडण्यात नसून, त्या काही काळ सरळ आणि घट्ट करण्यात असावा, म्हणजे दुसरं औषध गाठीत नीट पोहोचेल. व्हीईजीएफ प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही दाबून ठेवतो. २०२० मध्ये बेव्हासिझुमॅब या व्हीईजीएफ रोखणाऱ्या औषधाला अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीची जोड दिल्यावर वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ६७.२ टक्के निघालं, सोराफेनिबवर ते ५४.६ टक्के होतं. हा फायदा जोडीचा आहे, नुसत्या उपासमारीचा नाही.

‘सुरुवातीलाच घ्या, ऑपरेशन टळेल’ हे साफ चूक. लहान गाठ काढून टाकणं, ती जाळणं किंवा यकृत प्रत्यारोपण, पूर्ण बरं होण्याची खरी संधी यांतच असते आणि ती वेळेत घ्यावी लागते. गाठ काढल्यावर किंवा जाळल्यावर सोराफेनिब देऊन रोग परतण्याचं टळतं का, हे १,११४ रुग्णांत पाहिलं गेलं. नाही टळलं. बेव्हासिझुमॅबने जखमा उशिरा भरतात, रक्तदाब वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा अनेकदा फुगलेल्या असतात, म्हणून आधी एंडोस्कोपी करून त्या बघतात. हे औषध स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही.

कॅप्सूलबद्दल थोडक्यात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर कर्क्युमिनने व्हीईजीएफ कमी होतो, पण गिळलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोहोचतं. यकृताचा कॅन्सर अशा कॅप्सूलने आटोक्यात आल्याचं कुठल्याही चाचणीने दाखवलेलं नाही. उलट हिरव्या चहाच्या तीव्र अर्काने आणि हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. यकृत आधीच दुबळं असलेल्या माणसाला ही इजा उपचारातूनच बाद करू शकते. घरात कोणी त्या घेत असेल तर बाटली घेऊन पुढच्या भेटीला जा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांनी विचारेपर्यंत थांबू नका.