बनावेची भातखाचरं २००० वर्षांची नाहीत, आणि आपोआप उभीही नाहीत

फिलिपिन्सच्या बनावे गावातल्या भातखाचरांचा फोटो आणि खाली पाच-सहा ओळी, असा मेसेज मराठी गटांमधून फिरतो आहे. आता तो भाचीने शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवून घेतला आहे, म्हणून हे उत्तर. मेसेज म्हणतो: ही खाचरं २००० वर्षं जुनी आहेत; एकदा बांधली ती डागडुजीविना उभी आहेत; फोटोतली जागा युनेस्कोच्या यादीत आहे; बांध सलग ठेवले तर अर्धी पृथ्वी व्यापतील; खाचरं वर्षभर हिरवीगार असतात; आणि ती बांधणारी जमात आता नामशेष झाली आहे.

आधी डागडुजीचं बोलू. मेसेजमधलं हेच वाक्य सगळ्यात खोटं आणि सगळ्यात घातक आहे.

बनावे ज्या इफुगाव प्रांतात येतं, तिथलं खाचर म्हणजे नुसता खणलेला उतार नव्हे. तळाशी मोठे दगड, त्यांवर आतल्या बाजूला किंचित कललेला, चुना-सिमेंट न वापरता रचलेला गडगा, त्याच्या पाठीमागे जाड खडी, मग बारीक खडी, मग ठोकून बसवलेली घट्ट माती आणि सगळ्यात वर लावणीचा चिखल, अशी त्याची रचना असते. काही भागांत दगडाऐवजी मातीचेच बांध असतात. पाणी येतं वरच्या मुयोंगमधून, म्हणजे त्या त्या कुटुंबाने राखलेल्या रानातून, पाटाने.

ही रचना टिकते ती खाचर बारा महिने ओलं ठेवलं तरच. एक हंगाम कोरडं पडलं की माती तडकते. पुढच्या पावसाचं पाणी त्या भेगांतून गडग्यामागे उतरतं, माती फुगते, गडगा पोट काढतो आणि कोसळतो. तो गेला की वरच्या खाचराचा पायाच सुटतो. त्यात भर मोठ्या गांडुळांची. खेकड्याने बांधाला भोक पाडलं की रात्रीत खाचर रितं होतं हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही; तिथे तेच काम ही गांडुळं करतात. १९८० च्या दशकात खाण्यासाठी म्हणून देशात आणलेली सोनेरी गोगलगाय कोवळी रोपं फस्त करते, ती हाताने वेचावी लागते.

म्हणून दरवर्षी गडग्यातलं गवत उपटायचं, कारण मुळं दगड सरकवतात. पाटातला गाळ काढायचा, बांधाच्या कडेला चिखल दाबून गळती बुजवायची. गडगा पडलाच तर सुटे दगड पक्क्या थरापर्यंत उतरवून पुन्हा तळापासून रचायचे. घाईने सिमेंट थापलं तर झिरपायची वाट बंद होते आणि पाण्याचा सगळा दाब गडग्यावर येतो. अरुंद खाचरांत बहुतेक सगळं हातानेच करावं लागतं आणि ते होतं 'उब्बु'वर: आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. तरुण मजुरीसाठी बाहेर गेले की ही साखळी तुटते. २००१ मध्ये युनेस्कोने प्रांतातली यादीत असलेली खाचरं धोक्यातल्या वारशात टाकली. तिथून ती निघाली २०१२ मध्ये. डागडुजीविना उभी असती तर ही वेळ आली असती का?

आता वय. एक मान्य करावंच लागेल: '२००० वर्षं' हे युनेस्कोच्या स्वतःच्या वर्णनातही आहे, त्यामुळे सगळा दोष मेसेज पाठवणाऱ्याचा नाही. पण तो आकडा खोदकामातून आलेला नाही. बार्टन आणि बायर या अमेरिकन अभ्यासकांनी, एवढे डोंगर साध्या अवजारांनी घडवायला किती काळ लागला असेल, असा अदमास विसाव्या शतकात बांधला आणि २००० ते ३००० वर्षं म्हटलं. पुढे तेच पाठ्यपुस्तकांत गेलं. पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो यांनी बनावेतल्याच बोकोस भागातल्या बांधांचं कार्बन कालमापन केलं आणि नंतर याच प्रांतातल्या कियांगानजवळच्या जुन्या वस्तीत उत्खनन केलं. वस्ती जुनी निघाली, पण खालच्या थरांत अळू सापडलं, भात नाही. पाण्यातली भातशेती दिसते ती सतराव्या शतकाच्या आसपास. म्हणजे साधारण ४०० वर्षं. स्पॅनिश फौजा मागात नदीच्या खोऱ्यात शिरल्यावर लोक वर डोंगरात सरकले, एकवटले आणि काही पिढ्यांत त्यांनी हे उभं केलं, अशी आकाबादो यांची मांडणी. इफुगाव लोकांना यात काही उणं येत नाही. उलट कोणाही राजाच्या हुकमाशिवाय इतक्या झपाट्याने केलेलं हे काम मला कितीतरी मोठं वाटतं.

युनेस्कोचं अर्धं खरं. १९९५ च्या नोंदीत पाच समूह आहेत: बाताद, बंगाआन, मायोयाव मध्य, हुंगदुआन आणि नागाकादान. पहिले दोन बनावेच्या हद्दीत येतात. पण फोटोतला, २० पेसोंच्या नोटेवर छापलेला गावाजवळचा देखावा त्या यादीत नाही.

अर्धी पृथ्वी: कोणते बांध, कुठून कुठवर, कोणी मोजले, यातलं मेसेज काहीच सांगत नाही. सोडून द्या.

वर्षभर हिरवीगार, हेही नाही. तिथलं पारंपरिक 'तिनावोन' भात वर्षातून एकदाच येतं. लावणीच्या वेळी, वर्षाच्या सुरुवातीला, दिसतं ते पाणी आणि चिखल. हिरवाई एप्रिल-मेमध्ये, आणि जून-जुलैत पिवळं पडून कापणी. जायचं ठरवणाऱ्यांनी हे बघून तिकिटं काढावीत.

आणि नामशेष जमात? ही खाचरं बांधणारे इफुगाव लोक आजही तिथेच आहेत. २०२० च्या जनगणनेत इफुगाव प्रांतात दोन लाखांवर लोक होते. कापणीत, बेणणीत आणि मयताच्या जागरणात गायची त्यांची 'हुदहुद' ही कथागीतं २००८ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. २०० हून जास्त गीतं, प्रत्येकाचे ४० भाग. एक पूर्ण व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. ती मुख्यतः बायका गातात. सगळी मुखोद्गत असलेल्या म्हाताऱ्या आता थोड्या उरल्या आहेत, हे मात्र खरं.