नडगी, स्टेपनी आणि काका

गडगडत येणाऱ्या वस्तूला आपली नडगी नेमकी कुठे आहे हे कसं कळतं, देव जाणे. पार्किंगच्या उतारावर वरच्या टोकाला एक गृहस्थ चाक बदलत होते, त्यांच्या हातून स्टेपनी सुटली आणि खाली मी होते. झालं. मी पाय धरून कठड्याला टेकले. स्टेपनी भिंतीवर आपटली आणि पडलेल्या नाण्यासारखी स्वतःभोवती थरथरत, टाळ्यांची वाट बघत सावकाश आडवी झाली.

मालक धावत आले. माझ्याकडे नव्हे. रिमवरून बोट फिरवून "वाचली" म्हणाले.

त्यांच्यामागून काका आले. हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर तोंडी परीक्षा घ्यायला बसलेल्या माणसाचा आनंद.

"ताई, पाय हलवू नका!"

मला वाटलं, हाड तपासतील. त्यांनी माझ्या चपलेपाशी पाणी ओतून खूण केली आणि उताराकडे एक डोळा मिटून पाहिलं. "उंची दोन मीटर धरू."

"धरा. मी नडगी धरलीय. पंधरा किलोचं धूड होतं हो काका, म्हणून इतकं जोरात आलं."

"छे छे! वजनाचा वेगाशी काय संबंध? असंच पाच किलोचं चाक असतं तरी याच वेगाने आलं असतं. उंचीमुळे मिळणारी ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत, वेग घ्यायला लागणारी ऊर्जाही वस्तुमानाच्याच पटीत. दोन्हीकडचं वस्तुमान खोडा." त्यांनी हवेत खोडून दाखवलं.

"मग दुखतंय ते?"

"तो संवेग! वस्तुमान गुणिले वेग. तिथे तुमचे पंधरा किलो मोजले जातात."

तुमचे? पंधरा किलो माझे कधी झाले?

"शिवाय सगळी ऊर्जा पुढे येण्यात जात नाही, थोडी गरगरण्यात जाते. न फिरता नुसती घसरत आली असती, तर ताशी 22 किलोमीटरच्या वर गेली असती. नुसतं कडं गडगडलं तर 16, भरीव चकती 18, टायर मधला. नशीबवान आहात."

"म्हणजे घर्षण नसतं तर जास्त लागलं असतं?"

"शाबास!" काका इतके खूश झाले, की मला क्षणभर खरंच बरं वाटलं. याचाच राग जास्त येतो.

गॅलिलिओनेही हेच केलं होतं. वरून पडणारी वस्तू फार भरकन पडते म्हणून त्याने खोबणीच्या फळीवरून ब्राँझचे गोळे सोडले, सांडलेलं पाणी तोलून वेळ मोजली आणि 1638 साली पुस्तकात छापलं. थोर माणूस. पण फळीच्या खालच्या टोकाला कोण उभं होतं, हे कुणी विचारत नाही. शाळेतल्या गणितातही गोळा पायथ्याशी पोचला की उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळे.

आणि खरं सांगायचं तर भौतिकशास्त्रावर माझा राग नाहीच. चाक सपाट जागी बदलावं, स्टेपनी उभी न ठेवता आडवी टाकावी, एवढं कळायला संवेग लागत नाही. सपाट जागा चार पावलांवर होती. पण चार पावलं गाडी पुढे घ्यायची कुणी? त्यापेक्षा दुसऱ्याची नडगी बरी.

"उंची चौपट असती ना," काका अजून धीर देत होते, "तर वेग दुप्पट, संवेग दुप्पट आणि ऊर्जा थेट चौपट! वजन दुप्पट असतं तर वेग तोच, ऊर्जा-संवेग दुप्पट."

मालकांनी तेवढ्यात स्टेपनी उभी केली होती. पुन्हा उभी! "काका, वर न्यायला जरा हात लावता?"

"अहो, फक्त 294 ज्यूल काम आहे," म्हणत काका लिफ्टकडे वळले.

मग मालकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही मोकळ्याच आहात ना?"