‘जुळं म्हटलं की पुण्याला पिटाळतात’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय नीट वाचला. आपल्या तक्रारी अशा: बाराव्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये ‘एक वार, दोन पिशव्या’ (म्हणजे दोन्ही बाळांना पोसणारी वार, प्लासेंटा, एकच आणि पाण्याच्या पिशव्या दोन) असं आल्यावर आम्ही दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफीला पुण्याला पाठवलं, त्यात आमचं कमिशन असणार, सातव्या महिन्यात ‘बाळंतपण इथे होणार नाही, मोठ्या हॉस्पिटलात नाव घाला’ असं सांगितलं, ओपीडीत दर वेळी ताटकळत बसवलं, आणि शेवटी दोन्ही बाळं सुखरूप झाली, म्हणजे एवढं घाबरवायची गरजच नव्हती.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे वाचून मनापासून बरं वाटलं. आपल्या पत्नीच्या फाइलमधलं काहीही आम्ही इथे लिहिणार नाही. आपण स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यालाच धरून उत्तर देतो, आणि जरा सविस्तर देतो, कारण आपला अभिप्राय वाचून दुसरं एखादं कुटुंब एका वारेच्या जुळ्यांची तपासणी टाळेल ही आम्हाला खरी काळजी आहे.

जुळ्यांसाठी डॉक्टर ठरवण्याआधी एक गोष्ट कळलीच पाहिजे: वार एक आहे की दोन. हे सगळ्यात खात्रीने कळतं ते ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे जाडसर त्रिकोण दिसला तर वार दोन. पडदा पातळ असून काटकोनात टेकलेला दिसला तर वार एक. रिपोर्टमध्ये यांनाच लॅम्डा साइन आणि टी साइन म्हणतात. नुसतं ‘सिंगल प्लासेंटा’ लिहिलेला रिपोर्ट अपुरा समजावा, कारण दोन वेगळ्या वारी शेजारी शेजारी चिकटून एकच असल्यासारख्या दिसू शकतात. अशा वेळी पडद्याचा फोटो आणि त्यावरचा निष्कर्ष मागून घ्यावा.

पाचव्या महिन्यात पहिली सोनोग्राफी केली तर ही खूण पुसट झालेली असते. दुसऱ्या देशांत एक मुलगा आणि एक मुलगी दिसली की वार दोनच, असा आधार डॉक्टरांना मिळतो. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानुसार लिंग सांगताही येत नाही आणि लिहिताही येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे तिसऱ्या महिन्यातली ही तपासणी आपल्यासाठी आणखी मोलाची. ती हुकली आणि नंतर ठरवता आलं नाही, तर वार एकच आहे असं धरून पुढची देखरेख करायची असते.

आता पंधरा दिवसांचा मुद्दा. एका वारेवर दोन बाळं असली की वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवाणघेवाण बरोबरीची राहते. पण शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा एका वारेच्या गरोदरपणांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू लागतं. देणाऱ्या बाळाभोवतीचं पाणी आटतं, घेणाऱ्याभोवतीचं वाढत जातं. सोनोग्राफीत पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा मोजतात: एकीकडे २ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि दुसरीकडे ८ पेक्षा जास्त (२० आठवड्यांनंतर १० पेक्षा जास्त) असेल तर निदान पक्कं. हा बिघाड काही दिवसांत वाढू शकतो. म्हणून १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी बघायचं. महिन्यातून एकदा बघून तो वेळेत हाती लागत नाही. वेळेत सापडला तर गर्भाशयात दुर्बीण घालून त्या जोडवाहिन्या लेझरने बंद करता येतात. हे प्रामुख्याने १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान करतात, आणि तेही मोजक्याच केंद्रांत. मधल्या दिवसांत पोट एकाएकी ताणलं, आठवडाभरात भलतंच मोठं दिसू लागलं किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं.

ही सोनोग्राफी आम्ही इथेच का केली नाही, हा आपला प्रश्न रास्त आहे. बाळांची वाढ आणि पाणी आमच्या मशीनवर दिसतं. पण एका वारेच्या जुळ्यांत प्रत्येक बाळाच्या मूत्राशयात लघवी साठतेय का, नाळेतला रक्तप्रवाह कसा आहे, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला वेग किती, दोघांच्या वजनात फरक किती, हे प्रत्येक भेटीत त्याच क्रमाने मोजावं लागतं. आधीचं ‘बाळ एक’ आजही ‘बाळ एक’च आहे याची खात्रीही ठेवावी लागते. हे काम फिटल मेडिसिनचं, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासणी-उपचारांचं, वेगळं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचं. वजनातला फरक घरीही काढता येतो: मोठ्या बाळाच्या वजनातून लहानाचं वजा करा, उरलेल्याला मोठ्याच्या वजनाने भागा आणि शंभराने गुणा. आकडा २० च्या वर जायला लागला की डॉक्टरांना थेट विचारा. २५ म्हणजे तज्ज्ञांनीच बघायची वेळ.

कमिशनबद्दल. कट प्रॅक्टिस आपल्या भागात आहे हे आम्हीही जाणतो, त्यामुळे आपल्या संशयाचा राग येत नाही. रेफरलसाठी पैसे देणं-घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे आणि आमच्याकडे ते होत नाही. आमच्या चिठ्ठीवर ‘फिटल मेडिसिन तज्ज्ञ’ एवढंच असतं, कोणाचं नाव नसतं. पुणे सुचवतो ते इथून जवळ पडतं म्हणून. कोल्हापूरला किंवा मुंबईला नातेवाईक असतील तर तिथल्या तज्ज्ञांकडेही ती चालते.

बाळंतपणाचा मुद्दा याहून महत्त्वाचा. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळंतपणं ३७ आठवड्यांआधी होतात, त्यामुळे डॉक्टरइतकाच नवजात बाळांचा अतिदक्षता विभागही निवडावा लागतो. आमच्याकडे वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र), सीपॅप (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणारं यंत्र) आणि फोटोथेरपी (काविळीसाठी प्रकाशोपचार) आहे, व्हेंटिलेटर नाही. ३४ आठवड्यांआधी दोन बाळं एकदम जन्मली तर आम्ही त्यांना पुरे पडणार नाही. जन्मलेलं कमी दिवसांचं बाळ १०८ मधून हलवण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच आईने तिथे पोचणं कितीतरी सुरक्षित. शिवाय लवकर कळा आल्या तर फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यायची असतात (डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने चार वेळा) आणि त्यांचा पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो. हा दिवस रस्त्यात आणि ‘बेड आहे का’ विचारण्यात जाऊ नये, म्हणून आम्ही २८ आठवड्यांनाच नाव घालायला सांगतो.

नाव घालताना पाच तारांकित इमारत बघू नका, हे विचारा: व्हेंटिलेटरचे दोन बेड एकाच वेळी मिळतील का? एक बाळ इथे, दुसरं तिसऱ्याच हॉस्पिटलात आणि आई भलतीकडे, अशी वेळ ‘एक बेड आहे’ या उत्तरावर विसंबल्यामुळे येते. रात्री नवजात शिशुतज्ज्ञ हजर असतात की फोनवर? बाळंतपणाच्या वेळी प्रत्येक बाळासाठी वेगळा वॉर्मर आणि वेगळा माणूस असतो का? भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? रक्तपेढी आवारातच आहे का? दोन बाळांनी ताणलेलं गर्भाशय प्रसूतीनंतर नीट आकुंचन पावलं नाही तर रक्तस्राव झपाट्याने वाढतो, म्हणून हा प्रश्न संकोच न करता विचारा.

नॉर्मल की सिझर हेही डॉक्टर निवडतानाच बोलून घ्यावं. पहिलं बाळ डोक्याकडून असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर जुळ्यांना सरसकट सिझर लागत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही ठरवून केलेल्या सिझरने बाळांना जास्त फायदा दिसला नव्हता. मात्र पहिलं बाळ झाल्यावर दुसरं आडवं होऊ शकतं, किंवा त्याची नाळ आधी बाहेर येऊ शकते. आत हात घालून दुसरं बाळ पायाकडून सोडवण्याचा सराव त्या डॉक्टरांना असला पाहिजे आणि थिएटर तयार पाहिजे. तारखेचं म्हणाल तर सगळं सुरळीत असताना वार दोन असेल तर ३७ आठवड्यांच्या आसपास, एक असेल तर ३६ च्या. दोन्ही बाळं एकाच पिशवीत असतील तर ३२ ते ३४ च्या दरम्यान सिझरच.

दोन वारांची, गुंतागुंत नसलेली जुळी आम्ही इथे बघतो: विसाव्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी, बीपी आणि हिमोग्लोबिनवर लक्ष, आणि ३४ आठवडे उलटले असतील तर बाळंतपणही. तेव्हा ‘जुळं म्हटलं की पिटाळतात’ हे आमच्याबाबतीत खरं नाही.

आणि काही झालं नाही म्हणून तपासण्या वाया गेल्या, असं कृपया समजू नका. प्रत्येक भेटीत ‘आज दोघांचंही पाणी बरोबर आहे’ हे कळणं, याचसाठी तो प्रवास होता. दर पंधरा दिवसांचं जाणं-येणं, बुडालेला रोज आणि सोनोग्राफीची फी यांचा भार किती पडतो हे आम्ही जाणतो. पण त्यात काटछाट करण्याचा सल्ला एका वारेच्या जुळ्यांना आम्ही पुढेही देणार नाही.

ओपीडीचं: जुळ्यांच्या तपासणीला दुपटीहून जास्त वेळ लागतो. जुळ्यांसाठी सकाळचा पहिला नंबर फोनवर आधी सांगून ठेवता येतो. बसावं लागत नाही.

फाइलची प्रत हवी असेल तर पत्नीच्या सहीचा अर्ज काउंटरवर द्या. नियमानुसार ७२ तासांत देऊ. तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड पुढच्या गरोदरपणासाठी जपून ठेवा. बिलातल्या कोणत्याही रकमेबद्दल शंका असेल तर बिल घेऊन या, आमचे डॉक्टर आपल्यासोबत बसून ओळ न् ओळ समजावून सांगतील.

व्यवस्थापन, प्रसूतिगृह