टेक-टूच्या नव्या अटी आणि ‘स्पायवेअर’चा आरोप : एकेक मुद्दा तपासून

२०२५च्या जूनच्या सुरुवातीला ‘बॉर्डरलँड्स २’ हा २०१२ सालचा गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात काही दिवस फुकट मिळत होता. नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या पानावर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला. व्हिडिओ आणि पोस्टमधून फिरलेला दावा थोडक्यात असा : प्रकाशक टेक-टू कंपनीनं २८ फेब्रुवारी २०२५ला सेवाअटी बदलल्या. त्यामुळे तिला तुमच्या संगणकाचा ‘रूट ॲक्सेस’ (सगळ्यात खोलवरचा ताबा) मिळाला, ती पासवर्ड आणि फोन नंबर उचलते, मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल) वापरणाऱ्याला बॅन करते. तेव्हा गेम आत्ताच्या आत्ता काढून टाका.

टेक-टू ही रॉकस्टार, टू-के आणि झिंगा या गेम कंपन्यांची मालक. म्हणजे आपल्याकडे रॉकस्टारचा जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) खेळणाऱ्यांनाही याच अटी लागू आहेत, आणि दाव्यातला खरा-खोटा भाग वेगळा करणं त्यांच्याही कामाचं आहे. काही भाग खरा आहेच, पण लोकांना घाबरवलं गेलं ते नको त्या भागावरून.

मुळात इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. सेवाअटी म्हणजे तुम्ही काय करायचं आणि काय नाही, याचा करार. गोपनीयता धोरण म्हणजे कंपनी कोणती माहिती गोळा करू शकते, याचं निवेदन. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तुमच्या डिस्कवर उतरलेला प्रत्यक्ष प्रोग्राम. स्पायवेअर, म्हणजे गुपचूप हेरगिरी करणारा प्रोग्राम, असलाच तर तो या तिसऱ्या जागी असणार, आणि व्हायरल पोस्टनं नेमकी तीच जागा तपासलेली नाही.

दावा पहिला : नव्या अटींमुळे कंपनीला रूट ॲक्सेस मिळाला

करार बदलल्यानं संगणकावर काही बसत नाही. विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये शिरायचं तर ड्रायव्हर नावाचा खास प्रोग्राम लागतो. तो एक फाइल म्हणून डिस्कवर असावा लागतो, ६४-बिट विंडोजवर त्याला डिजिटल सही लागते, आणि बसवताना ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. (ही परवानगी मागणारा पॉपअप दर वेळी दिसेलच असं नाही. स्टीमच्या स्वतःच्या सर्व्हिसकडे ती आधीच असते. त्यामुळे ‘मला तर काही विचारलं नाही’ हा पुरावा कुठल्याच बाजूनं धरू नये.) यातली प्रत्येक गोष्ट मागे खूण ठेवते, आणि ती खूण घरी बसून तपासता येते.

स्टार्ट मेनूत ‘सिस्टम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. डावीकडे ‘सॉफ्टवेअर एन्व्हायर्नमेंट’ आणि त्याखाली ‘सिस्टम ड्रायव्हर्स’ असं आहे. तिथे प्रत्येक ड्रायव्हरचं नाव, फाइल कुठे आहे, तो कधी सुरू होतो आणि सध्या चालू आहे की बंद, हे रकाने दिसतात. गेम बसवण्याआधी ‘फाइल’ मेनूतल्या ‘एक्स्पोर्ट’नं ही यादी साठवून ठेवा. मग गेम बसवा, सुरू करा, आणि तो चालू असतानाच दुसऱ्यांदा यादी काढा. चालू असताना हे महत्त्वाचं, कारण काही अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारे) ड्रायव्हर गेम सुरू झाल्यावरच चढतात आणि बंद केल्यावर उतरतात. गेम बंद करून तपासणारा हमखास फसतो. दोन्ही याद्या मजकूर ताडून दाखवणाऱ्या कुठल्याही टूलमध्ये शेजारी-शेजारी टाकल्या की नवी ओळ लगेच दिसते. जोडीला गेमच्या फोल्डरमध्ये शेवटी ‘एसवायएस’ असलेली फाइल आहे का, तेही शोधून बघा.

खरा कर्नल ड्रायव्हर असेल तर तो कसा दिसतो, याची दोन उदाहरणं जाहीर आहेत. व्हॅलोरंट या गेमचा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट ड्रायव्हर विंडोजबरोबरच सुरू होतो आणि यादीत ‘व्हीजीके’ या नावानं दिसतो. दुसरं उदाहरण टेक-टूच्याच घरचं आहे. सप्टेंबर २०२४मध्ये रॉकस्टारनं जीटीए ऑनलाइनच्या पीसी आवृत्तीत बॅटलआय हे अँटी-चीट आणलं, आणि त्याचा ‘बीई-डेझी’ नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो. तारखा बघा. हा ड्रायव्हर आला तो अपडेटमधून, आणि तोही फेब्रुवारीतल्या त्या अटींच्या पाच महिने आधी. तुम्हाला फक्त स्टोरी मोड खेळायचा असेल तर रॉकस्टार लाँचरच्या सेटिंगमधून तो बंद करता येतो. कर्नलमधल्या प्रवेशाची चिंता करणाऱ्यानं जीटीएबाबत हा प्रश्न जरूर विचारावा. बॉर्डरलँड्स २मध्ये असं अँटी-चीट नाही. स्टीम डेक या लिनक्सवर चालणाऱ्या हातातल्या गेमिंग संगणकावरही तो चालतो, आणि तिथे विंडोजचा कर्नल नसतोच.

अपडेटच्या तारखा स्टीमडीबी या स्टीमवरच्या गेमची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर दिसतात. दाव्यात सांगितलेल्या तारखेच्या आसपास गेमच्या फाइली बदलल्याच नसतील, तर नव्यानं काही घुसवलं गेलं या म्हणण्याला आधार उरत नाही.

एक गोष्ट मात्र उलट बाजूनं सांगायला हवी. कर्नल ड्रायव्हर नाही म्हणजे प्रोग्राम निरुपद्रवी, असं नसतं. विंडोजवर साधा प्रोग्रामसुद्धा तुमच्या खात्याला दिसणाऱ्या बहुतेक फाइली वाचू शकतो. मग त्यात डॉक्युमेंट्स फोल्डर आला आणि ब्राउझरचं प्रोफाइलही आलं. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मधून ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा. त्याच्या ‘डिस्क’ टॅबवर कोणता प्रोग्राम कुठली फाइल उघडतोय ते दिसतं, ‘नेटवर्क’ टॅबवर तो कुठल्या पत्त्यावर किती बाइट पाठवतोय ते दिसतं. पाठवलेल्या मजकुरात काय आहे ते कळत नाही, कारण तो एन्क्रिप्ट केलेला असतो. पण मेनूवर उभा असलेला गेम सतत मोठा डेटा वर ढकलत असेल, तर तो प्रश्न रास्त ठरतो आणि स्क्रीनशॉटसह मांडता येतो.

आणि अटी टाळायच्या म्हणून कुणी क्रॅक (चोरीच्या) कॉपीकडे वळत असेल तर ते आगीतून फुफाट्यात जाणं आहे. त्या कॉपीबरोबरच्या सूचनांत बऱ्याचदा पहिलीच ओळ असते ‘डिफेंडर बंद करा’, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस बंद करा. ज्या धोक्याच्या भीतीनं मूळ गेम काढला, तोच इथे आपल्या हातानं दार उघडून आत घेतला जातो.

दावा दुसरा : पासवर्ड, फोन नंबर, ठिकाण, सगळं उचलतात

पोस्टमध्ये दाखवलेली लांबलचक यादी खरी आहे. पण ती सेवाअटींतली नाही, गोपनीयता धोरणातली आहे. आणि ते धोरण एका गेमचं नसून कंपनीच्या सगळ्या गोष्टींना मिळून एकच आहे : पीसी, कन्सोल आणि मोबाइलवरचे गेम, वेबसाइट, दुकान, ग्राहक-मदत. त्यात पासवर्ड आहे तो तुम्ही त्यांच्याकडे खातं उघडताना ठरवता तो. फोन नंबर आहे तो तुम्ही पडताळणीसाठी किंवा मदत मागताना दिलात तर. पैशांचा तपशील येतो तो त्यांच्याकडून थेट खरेदी केलीत तेव्हा. स्टीमवर घेतलेल्या गेमचं कार्ड किंवा यूपीआय स्टीमकडे जातं. ठिकाणाचं म्हणाल तर आयपी पत्त्यावरून साधारण शहरापर्यंतचा अंदाज बांधता येतो, आणि तो तुम्ही उघडलेल्या कुठल्याही वेबसाइटला बांधता येतो. कंपनीनंही जूनमध्ये हेच स्पष्टीकरण दिलं : आमच्या गेममध्ये स्पायवेअर नाही, आणि यादीतली प्रत्येक बाब प्रत्येक गेममध्ये गोळा होते असं नाही.

कंपनीच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. यादी इतकी लांब का, हे कायद्यातच सापडतं. १ जानेवारी २०२०पासून लागू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या ग्राहक-गोपनीयता कायद्यानं कंपन्यांवर बंधन घातलं की कोणकोणत्या प्रकारची माहिती घेता ते वर्गवार जाहीर करा. ओळख पटवणारी माहिती, खरेदीचा इतिहास, इंटरनेटवरचा वावर, ठिकाण, आवाज आणि चित्र, या सगळ्यावरून काढलेले निष्कर्ष, असे वर्ग कायद्यानंच आखून दिले आहेत. वासाशी संबंधित माहितीसुद्धा त्या व्याख्येत आहे! वकील मग सुरक्षित राहण्यासाठी कंपनीच्या कुठल्याही कोपऱ्यात घेतली जाणारी प्रत्येक बाब तिथे नोंदवतात. लोकांना कळावं म्हणून केलेली ही सक्ती, आणि त्यातूनच आलेली यादी आता हेरगिरीचा पुरावा म्हणून फिरते आहे.

म्हणून धोरण स्वच्छ आहे असं मात्र आम्ही म्हणणार नाही. एकाच कागदात मोबाइलवरचा फुकट गेम आणि विकत घेतलेला पीसी गेम कोंबला, की अमुक गेम नेमकं काय घेतो हे खेळणाऱ्याला कळायला मार्गच राहत नाही. प्रत्येक गेमसाठी वेगळा अर्धा पानाचा तक्ता द्या, ही मागणी लावून धरण्यासारखी आहे.

दावा तिसरा : मॉड वापरलात तर बॅन

इथे दाव्यात दम आहे, म्हणून जरा थांबू. परवानगीशिवाय मॉड बनवणं, वापरणं, वाटणं याला सेवाअटींत मनाई आहे आणि उल्लंघनाबद्दल खातं थांबवायचा हक्क कंपनीनं राखून ठेवला आहे. मजकूर व्यापक आहे. पात्राच्या कपड्यांचा रंग बदलणारा मॉड आणि ऑनलाइन सामन्यात भिंतीपलीकडचं दाखवणारा चीट, दोन्ही त्याच जाळ्यात येतात.

चूक आहे ती ‘आता नव्यानं’ या शब्दांत. टेक-टूची ही भूमिका जुनीच आहे. जून २०१७मध्ये तिच्या नोटिशीमुळे ओपन-फोर हे जीटीएचं प्रसिद्ध मॉडिंग टूल बंद पडायला आलं होतं. खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की रॉकस्टारला जाहीर करावं लागलं : एकट्यानं खेळायच्या, पैसे न कमावणाऱ्या आणि इतरांची बौद्धिक संपदा न वापरणाऱ्या मॉडवर सहसा कायदेशीर कारवाई होणार नाही. टूल वाचलं. पण ते निवेदन म्हणजे शब्द आहे, करार नाही, आणि २०२१मध्ये जुन्या जीटीएंचे अनेक मॉड कंपनीनं उतरवायला लावले. जीटीए ३ आणि व्हाइस सिटीचा कोड उलगडून पुन्हा लिहिणाऱ्यांवर तर तिनं त्याच वर्षी खटला भरला. पुढे ऑगस्ट २०२३मध्ये फाइव्ह-एम हा जीटीएचा ऑनलाइन मॉड बनवणारा गटच रॉकस्टारनं आपल्यात सामील करून घेतला.

त्यामुळे मॉड वापरणाऱ्यानं काय करावं, ते सरळ सांगतो. मॉड घातलेला गेम ऑनलाइन नेऊ नका. मूळ फोल्डरची प्रत ठेवा, आणि ऑनलाइन खेळण्याआधी स्टीमच्या ‘प्रॉपर्टीज’मधून फाइली पडताळून घ्या. एवढ्यावरच थांबू नका. पडताळणी फक्त बदललेल्या मूळ फाइली जागेवर आणते, तुम्ही नव्यानं टाकलेल्या फाइली तशाच राहतात, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. त्या हातानं काढाव्या लागतात.

दावा चौथा : अटी नाकारल्या तर विकत घेतलेला गेमही हातचा जातो

तत्त्वतः खरं, आणि हाच मुद्दा सगळ्यात गंभीर असूनही सगळ्यात कमी बोलला गेला. तुम्ही घेतलेला असतो तो परवाना. युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले, आणि पाठोपाठ लोकांच्या खात्यांतून परवानेही काढून घेतले गेले. १ जानेवारी २०२५पासून लागू झालेला कॅलिफोर्नियाचा कायदा दुकानांना हे खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगायला लावतो. स्टीमच्या कार्टमध्ये तशी ओळ ऑक्टोबर २०२४पासूनच दिसू लागली. वर्षानुवर्षं आधी पैसे घ्यायचे, अटी नंतर बदलायच्या आणि ‘मान्य’ हे एकच बटण पुढे करायचं, हा अन्यायच आहे. स्पायवेअरच्या नावानं साप म्हणून भुई धोपटण्यात लोकांचा जोर गेला आणि या प्रश्नाची धार बोथट झाली, हे आमचं मुख्य दुखणं आहे.

भारतातल्या ग्राहकाला इथे थोडा आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे, आणि वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याचा हक्क देणारं कलम त्यात बसतं. अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, ती राज्य ग्राहक आयोगात करावी लागते. पुष्कळ जण इथेच चुकतात. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केलं आहे. एका गेमच्या किमतीसाठी कुणी मुंबईला खेपा घालणार नाही, हे खरं. पण १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत.

दावा पाचवा : गेम काढून टाका म्हणजे सुटलात

अनइन्स्टॉल केल्यानं तुमच्या डिस्कवरच्या फाइली जातात. कंपनीच्या सर्व्हरवरचं खातं, ईमेल, खेळाचा इतिहास जिथल्या तिथे राहतो. माहितीची काळजी असेल तर क्रम असा ठेवा. आधी गोपनीयता पानावरून तुमच्या माहितीची प्रत मागवा. मग टू-के किंवा रॉकस्टार खात्याला जोडलेली स्टीम, प्लेस्टेशन, डिस्कॉर्ड वगैरे खाती सुटी करा. त्यानंतर खातं मिटवण्याची विनंती पाठवा आणि गेम सगळ्यात शेवटी काढा. उलट क्रमानं गेलात तर मिटलेल्या खात्याची प्रत मागता येत नाही. खातं मिटलं की त्यातली ऑनलाइन प्रगती आणि खरेदी केलेल्या वस्तूही जातात, म्हणून जीटीए ऑनलाइनवर पैसे घातलेल्यानं हे पाऊल विचार करूनच उचलावं.

घरातलं मूल १८च्या आतलं असेल तर आणखी एक तरतूद माहीत असू द्या. भारताचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा परदेशातून भारतीयांना सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही लागू आहे. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती त्यात सक्तीची आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर खातं उघडताना मुलाची खरी जन्मतारीख घाला. वय वाढवून लिहिलं की मुलांसाठी ठेवलेलं संरक्षण त्या खात्याला मिळतच नाही.