इंजेक्शन कोणत्या माशाला आणि भीती कोणाला

‘शिंगी आणि मागूर हे मासे हार्मोनची इंजेक्शने देऊन फुगवतात, ते खाल्ल्याने मुलींना अकाली पाळी येते, या माशांची पुढची पिढी वांझ निपजते आणि सरकार हे सारे दडवते’ असा एक ध्वनिसंदेश सध्या फिरत आहे. तो माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने नातीच्या ताटातले मासे बंद केले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मुळात इंजेक्शन बाजारातल्या माशाला दिलेच जात नाही. ते मत्स्यबीज केंद्रातल्या, म्हणजे माशांची पिल्ले तयार करणाऱ्या केंद्रातल्या, निवडक प्रजनक माशांना विणीच्या हंगामात देतात. पावसाळ्यात नवे पाणी आणि बुडालेली शेते मिळाली की हे मासे आपोआप अंडी घालतात. टाकीत मात्र अंडी पोटात तयार होऊनही डोपामिन हे मेंदूतले रसायन अंडी सोडण्याचा अखेरचा संकेत अडवून धरते. इंजेक्शनातले संप्रेरक तो संकेत देते, सोबतचे डोम्पेरिडोन डोपामिनचा अडसर काढते आणि काही तासांत अंडी सुटतात. वाढीशी याचा संबंध नाही. आपण खातो तो त्या अंड्यातून निघून कित्येक महिने तळ्यात वाढलेला मासा असतो. त्याला सुई कधी टोचलेलीच नसते.

आता पाळीचा मुद्दा, कारण खरे नुकसान इथेच होते. समजा, टोचलेली मादीच कोणी रांधून खाल्ली. किलोमागे १ मिली औषध धरले, तर १५० ग्रॅमच्या मादीला ०.१५ मिली मिळते, म्हणजे सुमारे ३ मायक्रोग्रॅम संप्रेरक आणि दीड मिलिग्रॅम डोम्पेरिडोन. उलटी थांबवण्यासाठी आपण घेतो त्या गोळीत ते १० मिलिग्रॅम असते. संप्रेरक म्हणजे जेमतेम नऊ-दहा अमिनो आम्लांची साखळी. ती पोटात इतर प्रथिनांसारखीच पचते. याच वर्गातली औषधे माणसांनाही देतात, पण ती पोटातून टिकत नाहीत म्हणून इंजेक्शनाने किंवा नाकातल्या फवाऱ्याने द्यावी लागतात. ती देतात कोणाला, तर इतर रुग्णांबरोबर अकाली वयात आलेल्या मुलींना, आणि तीही पाळी पुढे ढकलण्यासाठी! संदेश पसरवणाऱ्याने एखाद्या बालरोगतज्ज्ञाला विचारले असते, तरी पुरे होते.

वांझपणाबद्दल इतकेच, की केंद्रात जन्मलेल्या माशांपासूनच पुढचे बीज तयार होते. ते वांझ असते तर केंद्रे केव्हाच बंद पडली असती. त्याच त्या प्रजनकांचा वर्षानुवर्षे वापर केल्याने बीजाचा कस उतरतो, ही तक्रार मात्र रास्त आहे, पण ती हार्मोनची नव्हे, हलगर्जीची आहे.

दोन गोष्टी नाइलाजाने मान्य करतो. तिलापियाची पिल्ले नर व्हावीत म्हणून त्यांना सुरुवातीचे तीन-चार आठवडे हार्मोनमिश्रित खाद्य देण्याची पद्धत आहे, आणि आफ्रिकन मागूर या परदेशी माशाच्या संवर्धनावर आपल्याकडे बंदी आहे. पहिल्या पद्धतीवर देखरेख हवीच. दुसऱ्या माशावरची बंदी तो देशी मासे फस्त करतो आणि घाणीतही पोसला जातो म्हणून आहे; तिचे खापर देशी मागुरावर फोडण्याचे कारण नाही.

राहिला दडवादडवीचा आरोप. मत्स्यशास्त्रज्ञ हीरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कार्प (रोहूच्या कुळातल्या) माशांचे प्रेरित प्रजनन, म्हणजे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावणे, यशस्वी केले. ती तारीख केंद्र सरकार दरवर्षी राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून समारंभपूर्वक साजरी करते.